पीतबिंदूचा पिवळा रंग ताटातून येतो

डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, अगदी मधोमध, जेमतेम ५ मिलिमीटरचा एक पिवळसर ठिपका असतो. सुई ओवणं, तांदूळ निवडणं, एसटीची पाटी वाचणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं, ही सगळी बारीक कामं त्याच्याकडे. नाव पीतबिंदू, डॉक्टर त्याला मॅक्युला म्हणतात. तो पिवळाच का, याचं उत्तर मला फार गमतीचं वाटतं. हा रंग आपल्या शरीराला तयारच करता येत नाही. तो खाल्लेल्या अन्नातून येतो.

ल्युटीन आणि झियाझँथिन अशी त्या रंगद्रव्यांची नावं. झाडं ती प्रखर उन्हापासून स्वतःला जपण्यासाठी वापरतात. आपण पालक किंवा मेथी खाल्ली की ती रक्तावाटे डोळ्यात पोचतात आणि या ठिपक्यात दाटीनं साठतात. तिथे ती गॉगलसारखा निळा प्रकाश शोषतात, आणि प्रकाश व प्राणवायू यांच्यापासून निपजणाऱ्या उपद्रवी रेणूंनाही आवर घालतात.

ही राखण लागतेच, कारण या जागी झीज फार. प्रकाश टिपणाऱ्या पेशी आपल्या टोकाचा वापरून झालेला भाग रोज टाकून देतात आणि त्यांच्यामागचा पेशींचा एक थर तो गिळून पचवतो. या सफाईवाल्या पेशी जन्मभर त्याच. नवी भरती जवळजवळ नाही. वय झालं की न पचलेला कचरा साचतो आणि थराखाली पिवळ्या गुठळ्या धरतात. त्यांना ड्रूसेन म्हणतात. उतारवयात होणाऱ्या पीतबिंदूच्या झिजेच्या आजाराची ही सुरुवात, आणि त्याचे प्रकार दोन. पुढे काही जणांच्या पेशी हळूहळू मरत जातात, हा कोरडा प्रकार. काहींच्या पडद्याखाली नाजूक रक्तवाहिन्या उगवतात आणि गळू लागतात, हा ओला प्रकार. तो कमी जणांना होतो, पण नजर झपाट्यानं नेतो.

घरच्यांना वाटतं, मोतीबिंदू पिकला असेल. पण मोतीबिंदूत सगळंच धुरकट होतं. इथे नेमकं मधलं पुसलं जातं आणि कडेचं शाबूत राहतं. म्हणून आजी घरभर न अडखळता वावरतात, पण दारात उभा नातू बोलला तरच ओळखतात.

आता खाण्याचं. ‘डोळ्यांसाठी गाजर’ हे अर्धंच खरं. गाजरातल्या बीटा कॅरोटीनपासून अ जीवनसत्त्व बनतं, ते रातांधळेपणा टाळतं. पीतबिंदूत मात्र ते साठत नाही. तिथे कामाला येतात पालक, मेथी, अळू, शेवग्याचा पाला, मका आणि अंड्याचा पिवळा बलक. ही रंगद्रव्यं पाण्यात नाही, तेलात विरघळतात. त्यामुळे ‘डाएट’ म्हणून नुसता उकडलेला पाला गिळण्यापेक्षा लसणाच्या फोडणीची भाजी बरी, आणि चवीचं तर बोलायलाच नको. बलकात ल्युटीन थोडंच, पण ते अंगी छान लागतं. फक्त रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिनची गोळी चालू असेल, तर पालेभाजी एकदम वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

मग दुकानात मिळणाऱ्या ‘डोळ्यांच्या’ कॅप्सूलचं काय? अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्र संस्थेनं हजारो लोकांवर वर्षानुवर्षं प्रयोग केला. २००१ मध्ये निकाल आला: क, ई जीवनसत्त्वं, बीटा कॅरोटीन, जस्त आणि तांबं यांच्या ठरावीक मिश्रणानं, आजार मधल्या टप्प्यावर असलेल्यांत तो गंभीर होण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे २५ टक्क्यांनी घटला. पण बीटा कॅरोटीनच्या गोळ्यांनी धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग वाढतो, हे इतर प्रयोगांत दिसलं होतं. २०१३ च्या दुसऱ्या प्रयोगानंतर त्याची जागा १० मिलिग्रॅम ल्युटीन आणि २ मिलिग्रॅम झियाझँथिन यांनी घेतली. ओमेगा-३ च्या गोळ्यांचा जादा फायदा दिसला नाही. मासे खाणाऱ्यांत हा आजार कमी आढळतो हे खरं, तेव्हा बांगडा चालू राहू द्या. मात्र धडधाकट डोळ्यांना या कॅप्सूलनी आजार टळतो, असा पुरावा नाही. तो पैसा मंडईत खर्च करावा, असं माझं मत.

वय आणि आनुवंशिकता आपल्या हातात नाही, विडी-सिगारेट आहे. ती ओढणाऱ्यांचा धोका दुपटीच्या घरात जातो, कधी त्याहूनही पुढे. मोबाईलच्या निळ्या प्रकाशाची धास्ती मात्र उगाच वाढवली गेली आहे. दुपारचं आभाळ त्याच्या कितीतरी पट प्रखर असतं. उन्हात टोपी आणि गॉगल घाला, रक्तदाब आटोक्यात ठेवा, रोज चाला.

पन्नाशीनंतर एक तपासणी घरीच करता येते. स्विस नेत्रतज्ज्ञ मार्क आम्सलर यांनी १९४० च्या दशकात चौकड्यांचा एक तक्ता रूढ केला. मुलांच्या गणिताच्या चौकटीच्या वहीवर मधोमध ठिपका काढलात तरी काम भागतं. वाचायचा चष्मा लावून, वही हातभर अंतराच्या जरा अलीकडे धरून, एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं, मग दुसरा. झाकणं महत्त्वाचं, कारण दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याची उणीव बिनबोभाट भरून काढतो. रेघा वाकड्या, तुटक किंवा लाटांसारख्या दिसल्या, तर चष्म्याच्या दुकानात नव्हे, पडद्याच्या डॉक्टरांकडे जायचं, तेही त्याच आठवड्यात. ओल्या प्रकारावर डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आहेत. ती गळती थांबवतात. एकदा व्रण धरला की तिथली नजर परत आणू शकत नाहीत.