शिलंगणाचं सोनं: आपट्याच्या पानामागची गोष्ट

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादरच्या फुलबाजारात झेंडूच्या ढिगांशेजारी पानांच्या जुड्या विकायला येतात. ‘सोनं’ म्हणून आपण त्या घेतो, देवापुढे ठेवतो, मग घरातल्या थोरांच्या हाती पान देऊन पाया पडतो. ‘सोनं घ्या, सोन्यासारखं राहा.’ पण झाडाच्या पानाला सोन्याचा मान मिळाला कसा?

लहानपणापासून ऐकलेलं उत्तर कौत्साच्या गोष्टीत आहे. वरतंतू ऋषींचा हा शिष्य गुरुदक्षिणेच्या चौदा कोटी सुवर्णमुद्रांसाठी रघुराजाकडे गेला. विश्वजित यज्ञात सर्वस्व देऊन बसलेल्या राजाकडे पाहुण्याला अर्घ्य द्यायला मातीचं भांडं उरलं होतं. रघूने कुबेरावर स्वारीची तयारी केली, आणि त्याआधीच कुबेराने सोन्याचा पाऊस पाडला. आपल्याकडे सांगतात, तो पाऊस आपट्याच्या झाडावर पडला. कौत्साने हवं तेवढंच घेतलं आणि उरलेलं लोकांनी लुटलं. कालिदासाच्या रघुवंशात, पाचव्या सर्गात, ही कथा आहे, पण तिथे झाड नाही! सोनं पडतं ते राजाच्या कोषागारात. म्हणजे कोषागारातलं सोनं गावच्या शिवेवरच्या झाडावर आणलं ते लोकपरंपरेने. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. कोषागार राजाचं असतं, शिवेवरचं झाड साऱ्या गावाचं.

शिवेवरच्या या झाडाचा मूळ मानही आपट्याचा नव्हे, शमीचा. अज्ञातवासात शिरताना पांडवांनी विराटनगराबाहेर, स्मशानाजवळच्या शमीवर शस्त्रं लपवली आणि अर्जुनाने गांडीव पुन्हा हाती घेतलं तेही तिथूनच. विजयादशमीला शमी पुजतात ती या आठवणीने. उत्तर कर्नाटकात आजही ‘बन्नी’ देतात आणि तेलंगणात ‘जम्मी’; दोन्ही शमीचीच नावं. तिथेही त्या पानाला बंगारच म्हणतात, म्हणजे सोनंच. बन्नी देताना म्हणायचं वाक्य तर आपल्या ‘सोन्यासारखं राहा’चं सख्खं भावंड आहे: बन्नी घेऊन सोन्यासारखे राहू या.

मग आपल्याकडे आपटा कुठून आला? धर्मशास्त्राच्या ग्रंथांनी मुभा दिली आहे की शमी मिळाली नाही तर अश्मंतक पुजावा. अश्मंतक म्हणजे आपटा. शमी कोरड्या, कमी पावसाच्या मुलखातली. सह्याद्रीच्या उतारांवर आणि विदर्भाच्या पानझडी रानात आपटा सहज भेटतो. पर्याय म्हणून आलेलं झाड इथलं मुख्य झाड होऊन बसलं, ते बहुधा म्हणूनच.

‘लुटणं’ हा शब्द मात्र पूजेतला नाही, मोहिमेतला आहे. पावसाळ्यात नद्या दुथडी, वाटा चिखलाच्या, घोड्यांना विसावा हवा आणि शिपाई पेरणीत गुंतलेला. दसऱ्यापर्यंत पाऊस ओसरतो, वाटा मोकळ्या होतात. शिवकाळातला लष्करी रिवाज सभासदाच्या बखरीत नोंदलेला आहे. पावसाळ्यात लष्कर छावणीला, दसरा होताच कूच, मग आठ महिने परमुलखात. निघताना लहानथोर प्रत्येकाजवळच्या वस्तूंची यादी करायची आणि परतल्यावर झडती घ्यायची. जास्तीचं सोनंनाणं सापडलं की ते सरकारजमा. सीमोल्लंघन झालं की खरंच सोनं येत असे, आणि त्या सोन्याचा हिशेबही द्यावा लागे. हा शिस्तीचा भाग दसऱ्याच्या गप्पांत क्वचितच येतो.

गावाकडे या सीमोल्लंघनाला ‘शिलंगण’ म्हणतात. घटात उगवलेल्या धान्याचे तुरे टोपीत खोवून शिवेकडे जायचं, सोनं घेऊन घरी यायचं, दारात ओवाळून घ्यायचं. मोहिमा संपल्या, तरी शिपायाने करायचं ते सारं गावाने सणात जपून ठेवलं. कोल्हापुरात दसरा चौकात अंबाबाईची पालखी येते, छत्रपतींच्या हस्ते शमीपूजन होतं आणि त्यानंतर सोनं लुटायला एकच झुंबड उडते.

आता पुन्हा बाजारातल्या जुड्यांकडे येऊ. त्यांत पुष्कळदा आपटा नसतोच, कांचन असतो. दोघं एकाच कुळातले, दोघांची पानं मधोमध दुभंगलेली, त्यामुळे फसायला होतं. आपट्याचं पान लहान, जाडसर, हाताला खरखरीत आणि लांबीपेक्षा रुंद. कांचनाचं मोठं आणि मऊ. जांभळ्या फुलांचा कांचन नेमका याच दिवसांत फुलायला लागतो. त्याच्या फांद्या तोडल्या की त्या वर्षीच्या कळ्याही गेल्या. आपट्याची तऱ्हाही फार वेगळी नाही. त्याच्या सालीच्या तंतूंचे दोर वळत, पानं विड्या वळायला वापरत. रानातल्या माणसाला वर्षभर कामी येणारं हे झाड दसऱ्याच्या आठवड्यात ओरबाडलं जातं.

आणि जुन्या विधीत तर फांदी तोडायला सांगितलेलंच नाही. ईशान्येच्या दिशेने गावाबाहेर जायचं, उभ्या झाडाची पूजा करायची, शमीच्या मुळाशी असलेली ओली माती अक्षतांसह उचलायची आणि वाजतगाजत घरी आणायची. शिवेवरून घरात यायची ती मूठभर ओली माती. झाड तिथेच उभं राहायचं, पुढच्या दसऱ्यासाठी.