फेस्टचा ‘मार्केटिंग हेड’ मार्केटिंग करतो का?

पुण्यातल्या बहुतेक कॉलेज फेस्टच्या कमिटीत एक मार्केटिंग टीम असते आणि तिच्याकडे काम एकच असतं: स्पॉन्सर आणायचे. पोरं स्पॉन्सरशिपच्या प्रस्तावाची एकच पीडीएफ घेऊन एफसी रोडचे कॅफे, जंगली महाराज रस्त्यावरची शोरूम आणि पेठांमधले क्लासेस पालथे घालतात. फेस्ट संपला की सीव्हीवर ‘मार्केटिंग हेड’ ही ओळ चढते. पुढे मुलाखतीत ‘मार्केटिंगमध्ये काय केलंत?’ असं विचारलं, की उत्तर येतं, ‘सर, एवढ्या लाखांची स्पॉन्सरशिप आणली.’

ही विक्री आहे. अवघड विक्री आहे, चार जणांनी दारातून परत पाठवल्यावर पाचव्याकडे हसत जायला हिंमत लागते. पण तिला मार्केटिंग समजून बीबीएची, एमबीएची मुलं स्पेशलायझेशन निवडतात, नोकरी धरतात आणि सहा महिन्यांत ‘हे असं असेल वाटलं नव्हतं’ म्हणत सोडतात. म्हणून हा घोळ मला किरकोळ वाटत नाही.

विक्री काय असते ते तुम्हाला माहीत आहे: वस्तू, गिऱ्हाईक, बोलणी, टार्गेट. मार्केटिंगशी तिचे काही फरक वर्गात लिहून देतात, म्हणजे एकीचा हिशेब महिन्याचा आणि दुसरीचा वर्षांचा, एकीत समोर एक माणूस आणि दुसरीत गट. बरोबर आहेत, पण तिथे कुणी अडखळत नाही. रील आणि पोस्टर म्हणजेच मार्केटिंग, हा समज मात्र जाता जाता खोडते. जेरोम मॅकार्थी यांनी १९६० साली मांडलेले फोर पी (प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन) परीक्षेत सगळे लिहितात. जाहिरात त्यातल्या चौथ्या ‘पी’चा एक भाग आहे. उरलेले तीन वस्तू, किंमत आणि ती मिळण्याची जागा यांबद्दल आहेत.

खरी मेख या तीन ‘पी’मध्येच आहे. विक्रीत वस्तू ठरलेली असते आणि तिला माणूस शोधायचा असतो. मार्केटिंगमध्ये आधी माणूस समजून घ्यायचा आणि त्याच्यासाठी वस्तूच बदलायची मुभा असते. त्याच १९६० साली थिओडोर लेव्हिट यांनी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत हाच मुद्दा मांडला होता: विक्रीची नजर विकणाऱ्याच्या गरजेवर असते, मार्केटिंगची घेणाऱ्याच्या.

पुण्यातलंच उदाहरण घ्या. एके काळी आकुर्डीच्या बजाज चेतक स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबत. स्कूटर दणकट होती, पण तिला किक मारावी लागे आणि गिअर डाव्या मुठीने फिरवावे लागत. ज्यांना ते जमत नव्हतं, त्यांच्यासमोर शोरूममधल्या सगळ्यात कसबी विक्रेत्याचाही इलाज नव्हता. १९८४ मध्ये फिरोदियांच्या कायनेटिकने होंडाबरोबर कायनेटिक होंडा आणली. गिअर नाही, बटण दाबलं की चालू. साडी नेसलेल्या बायकाही ती सहज चालवू लागल्या. इथे गोड बोलून कुणाचं मन वळवलेलं नाही, वस्तूतली अडचणच काढून टाकली आहे. मार्केटिंगचं मोठं काम शोरूमचं शटर उघडण्याच्या कितीतरी आधी झालेलं असतं.

आता हेच फेस्टला लावून बघा. समजा, शनिवारी चारनंतर तुमचं मैदान रिकामं होतं. विक्री करणारा स्टॉलवाल्याला ‘गर्दी नक्की होईल’ असं पटवतो. (फुटफॉलचा, म्हणजे येणाऱ्या लोकांचा, फुगवलेला आकडा पीडीएफच्या पहिल्या पानावर छापण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही. तो खोटा असतो आणि दुसऱ्या वर्षी तोच स्पॉन्सर फोन उचलत नाही.) मार्केटिंग करणारा निघून जाणाऱ्या पोरांना गाठून विचारतो. कळतं, की हडपसर-चिंचवडच्या मुलींना अंधार पडायच्या आत पीएमपीची बस पकडायची असते आणि फर्स्ट इयरची मुलं प्रवेश फी ऐकूनच मागे फिरतात. मग तो भांडून मुख्य कार्यक्रम दुपारी दोनला घेतो आणि पहिल्या वर्षाची फी कमी करून घेतो.

म्हणून मी मुलांना एकच प्रश्न विचारते: तुमच्या सांगण्यावरून फेस्टमध्ये काय बदललं? वेळ, फी, जागा, स्पर्धेचं स्वरूप, काहीही चालेल. उत्तर असेल तर पद कुठलंही असो, तुम्ही मार्केटिंग केलंत. लीडरशिपचाही मला पटणारा पुरावा हाच आहे. हुडीच्या पाठीवर छापलेलं ‘हेड’ मला काही सांगत नाही.

नोकरीच्या जाहिरातीत घोळ आणखी वाढतो. ‘मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह पाहिजे’ याखाली ‘स्वतःची दुचाकी आवश्यक, आकर्षक इन्सेन्टिव्ह’ असं असेल, तर ते फील्ड सेल्स आहे हे धरून चाला. ‘बिझनेस डेव्हलपमेंट’चंही बहुधा तेच. पदाचं नाव सोडा आणि मुलाखतीत सरळ विचारा, ‘माझं काम कशावर मोजणार?’ महिन्याच्या आकड्यावर म्हणाले तर विक्री.

विक्रीची नोकरी घेऊ नका, असं मी मुळीच म्हणत नाही. उलट ब्रँड मॅनेजर व्हायचं स्वप्न असेल, तर सुरुवात विक्रीतच करा, हे माझं ठाम मत आहे. साबण-बिस्किटांसारख्या रोजच्या वस्तू विकणाऱ्या मोठ्या एफएमसीजी कंपन्या मॅनेजमेंट ट्रेनीला आधी डिस्ट्रिब्युटरबरोबर दुकानं फिरायला लावतात ते उगाच नाही. किराणा दुकानदार तुमचा पुडा मागच्या फळीवर का ढकलतो, हे कुठल्याही स्लाइडवर नसतं. फक्त ऑर्डर लिहून निघू नका, त्याने नकार देताना सांगितलेलं कारणही लिहून ठेवा.

आणि सीव्ही आजच दुरुस्त करा. स्पॉन्सर आणले असतील तर ‘स्पॉन्सरशिप प्रमुख’ लिहा, पुढे रक्कम आणि किती स्पॉन्सर दुसऱ्या वर्षी परत आले ते लिहा. सेल्सच्या मुलाखतीत ही ओळ ‘मार्केटिंग हेड’पेक्षा जास्त कामाला येईल.