पेशीपटल आणि वनस्पतींचा रोगप्रतिकार : पार्श्वभूमी

शहापूर-मुरबाडच्या भातखाचरांत पानांच्या कडा टोकाकडून वाळत आल्या की ‘कडा करपा’ आला, असे ओळखतात. या जिवाणूजन्य रोगाला रोखणारे एक्सए-२१ हे जनुक आफ्रिकेतील रानभातातून आले. 1995 मध्ये ते वेगळे केल्यावर त्यापासून बनणारे प्रथिन पेशीपटलात, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणात, आरपार बसणारे असावे, असे त्याच्या रचनेवरून दिसले : बाहेरचे टोक चाहूल घेणारे, आतले टोक संदेश पुढे धाडणारे. जवसावरील तांबेऱ्याच्या अभ्यासातून 1940 च्या दशकात जनुकास-जनुक हा सिद्धान्त पुढे आला होता : वनस्पतीच्या प्रतिकारक जनुकाला रोगजंतूतले एक जनुक जुळते. मात्र रोगजंतूची ओळख पटते कोठे, हे त्यातून कळत नव्हते.

2000 मध्ये अरेबिडॉप्सिस या प्रयोगांत वापरल्या जाणाऱ्या लहान वनस्पतीमध्ये जिवाणूंच्या कशाभिकेतील (पोहण्याच्या शेपटीतील) 22 अमिनो आम्लांचा तुकडा ओळखणारा ग्राहक, म्हणजे चाहूल घेणारे प्रथिन, सापडला आणि 2007 मध्ये त्याचा जोडीदार. तुकडा चिकटताच दोघे एकत्र येतात, काही मिनिटांत कॅल्शियम आत शिरते आणि पटलातलेच एक विकर (एन्झाइम) बाहेरच्या बाजूस क्रियाशील ऑक्सिजन सोडू लागते.

पटलाच्या गर्दीत हे जोडीदार एकमेकांना इतक्या लवकर गाठतात कसे, या प्रश्नाच्या उत्तरात ‘राफ्ट’ हा शब्द शिरला आणि त्याने बराच घोळ घातला. 1997 मध्ये प्राणिपेशींच्या संदर्भात रूढ झालेल्या या कल्पनेनुसार स्टेरॉल आणि स्फिंगोलिपिड या मेदरेणूंचे तराफे पटलावर तरंगतात. पुरावा मुख्यतः 4 अंश सेल्सिअसला अपमार्जकात (डिटर्जंटमध्ये) न विरघळणाऱ्या पटलाच्या अंशाचा होता. पण थंडी आणि अपमार्जक मिळूनच असे पुंजके घडवू शकतात, हा आक्षेप रास्त होता. 2006 मध्ये 10 ते 200 नॅनोमीटर आकाराचे, सतत बदलणारे क्षेत्र अशी व्याख्या ठरली, तरीही न विरघळलेला अंश म्हणजेच राफ्ट, हे समीकरण वनस्पतींवरील लेखनात रेंगाळले. 2010 मध्ये कशाभिकेचा तुकडा दिल्यानंतर ग्राहक त्या अंशात वाढल्याचे दिसले, ते या पार्श्वभूमीवर जपूनच वाचावे लागते. 2017 मध्ये जिवंत पेशींत सूक्ष्मदर्शकाखाली रोगप्रतिकाराचा आणि वाढीचा ग्राहक वेगवेगळ्या पुंजक्यांत बसलेले दिसले, तेव्हा कोठे भक्कम आधार मिळाला. ‘नॅनोक्षेत्र’ हा शब्द म्हणूनच अधिक प्रामाणिक वाटतो.

पेशीच्या आत राहणारे ग्राहक पटलावर नेमके काय करतात, हे मात्र बराच काळ स्पष्ट नव्हते. 2019 मध्ये त्यांपैकी एकाचे पाच रेणूंचे चक्र दिसले, आणि 2021 मध्ये तेच चक्र पेशीपटलात रुतून कॅल्शियमची वाट उघडते, असे सिद्ध झाले.