"सर, एआयने दिलेत": म्हणजे नक्की कुठून दिलेत?

मागच्या सबमिशनच्या वेळची गोष्ट. टीवाय बीएस्सीच्या एका मुलाचा प्रोजेक्ट हातात आला, विषय भूजलातलं फ्लोराइड, इंग्रजी एकदम चकाचक, शेवटी १२ संदर्भ. त्यातला एक पेपर मलाच वाचायचा होता म्हणून शोधायला गेलो, तर जर्नल खरं, लेखकाचं आडनाव ओळखीचं, वर्ष, पान नंबर सगळं जागच्या जागी, फक्त तो पेपरच अस्तित्वात नाही! मग बाकीचे तपासले, १२ पैकी ७ हवेतले. पोराला बोलावलं तर म्हणतो, "सर, एआयने दिलेत." खोटं बोलत नव्हता बिचारा, त्याला खरंच वाटत होतं की ते कपाटातून फाइल काढून दिल्यासारखं कुठूनतरी काढून देतं.

पण ते कपाट नाहीच्चे. मी तुम्हाला "नाचता येईना" म्हटलं की तुमच्या तोंडात "अंगण वाकडं" आपोआप येतं ना, चॅटजीपीटीच्या आत जे भाषेचं मॉडेल आहे ते मुळात हेच करतं, प्रचंड मजकूर वाचून पुढे कुठला तुकडा यायची शक्यता जास्त ते ठरवतं, मग त्याच्या पुढचा, मग त्याच्या पुढचा. संदर्भ कसा दिसतो हे त्याला पाठ आहे, म्हणून संदर्भासारखं दिसणारं काहीतरी ते बिनदिक्कत तयार करतं. आता बरीच टूल्स इंटरनेटवर शोधून उत्तर देतात, त्यामुळे हे कमी झालंय, पण संपलेलं नाही. आणि यात फक्त पोरंच फसतात असं नाही हं. २०२३ साली न्यूयॉर्कच्या कोर्टात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खटले दाखले म्हणून दिले आणि ५ हजार डॉलर दंड भरला. गंमत म्हणजे त्यातल्या एका वकिलाने चॅटजीपीटीलाच विचारलेलं की बाबा हा खटला खरा आहे ना, आणि ते म्हणालं हो.

आता आम्हा मास्तरांकडे येऊ, कारण आमची बाजूही काही फार शोभेची नाही. त्याच वर्षी अमेरिकेत टेक्सासमधल्या एका प्राध्यापकाने मुलांचे निबंध चॅटजीपीटीत टाकून विचारलं, "हे तू लिहिलंस का?" ते हो म्हणालं आणि याने वर्गाचे मार्क अडवले. उंदराला मांजर साक्ष, दुसरं काय! आधी लिहिलेलं ओळखायची कुठलीही वही त्याच्याकडे नसते, तिथेही ते पटेल असं उत्तरच देतं.

बरं मग डिटेक्टर, म्हणजे एआयने लिहिलेलं पकडणारी टूल्स? चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर जानेवारी २०२३ मध्ये आणला, तो एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के पकडायचा आणि माणसाने लिहिलेलं ९ टक्के वेळा एआयचं ठरवायचा, जुलैत गुपचूप बंद केला. त्याहून वाईट म्हणजे स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले ९१ निबंध सात डिटेक्टरना दिले, तर सरासरी ६१ टक्के निबंध एआयचे म्हणून शिक्का बसला. का, तर यातले बरेच डिटेक्टर शब्द किती अनपेक्षित आहेत ते मोजतात, आणि ज्याचा शब्दसाठा कमी तो साधे, अपेक्षित शब्दच वापरणार. म्हणजे मराठी मीडियममधून आलेली, घासून घासून इंग्रजी लिहिणारी पोरगीच आधी अडकायची. माझ्यापुरतं मी ठरवलंय, डिटेक्टरच्या टक्क्यावर मार्क कापायचे नाहीत, सरळ दहा मिनिटं व्हायवा घ्यायची.

अजून एक गोष्ट आपल्याकडे कोणी सांगत नाही. 'क्षितिज' हा शब्द घ्या. आपल्याला तीन अक्षरं दिसतात, कॉम्प्युटरला त्यात क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज असे ७ कोड दिसतात, आणि मजकूर साठवायच्या नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक कोड ३ बाइट खातो म्हणजे २१ बाइट. याच अर्थाचा इंग्रजी होरायझन ७ बाइटमध्ये बसतो. मॉडेल अक्षरं वाचत नाही, तुकडे वाचतं, आणि मराठीचे तुकडे सहसा जास्त पडतात, वर शिकायला मराठी मजकूरही इंग्रजीच्या मानाने थोडा. म्हणून तेच टूल इंग्रजीत हुशार वाटतं आणि मराठीत मधेच काहीतरी अचाट फेकतं.

हेल्सिंकी विद्यापीठाने २०१८ मध्येच एआय समजावणारा फुकट ऑनलाइन कोर्स काढला, कोणीही करावा असा. आमच्याकडच्या एफडीपीत, म्हणजे मास्तरांच्या प्रशिक्षणात, मात्र "५० भन्नाट प्रॉम्प्ट"ची (एआयला द्यायच्या तयार सूचनांची) पीडीएफ मिळाली आणि सर्टिफिकेट. असो.

मी आता वर्गात एकच उद्योग करतो, प्रत्येकाने आपल्या गावाबद्दल एआयला विचारायचं, प्रिंट काढायची आणि लाल पेनाने चुका खुणावायच्या. एकाच्या गावची पौषातली जत्रा चैत्रात गेली, एकीच्या गावाला न वाहणारी नदी मिळाली, वर्ग हसून लोळला. नंतर स्टाफरूममध्ये हाच खेळ आमच्या केमिस्ट्रीच्या मॅडमनी त्यांच्या पीएचडीच्या विषयावर केला. आलेल्या यादीत दोन पेपर त्यांच्याच नावावर होते, त्यांनी कधीच न लिहिलेले. चहा बाजूला ठेवून त्यांनी ते दोनदा वाचले आणि म्हणाल्या, "चांगले दिसतायत हो, सीव्हीत टाकू का?"