टीपीआर चार्टवरचा तिसरा आकडा

सकाळच्या राउंडआधी वॉर्डमधले टीपीआर चार्ट, म्हणजे तापमान, नाडी आणि मिनिटाला किती श्वास याच्या नोंदी, चाळून बघा. तापमान खाटेगणिक बदललेलं दिसेल, नाडीही. श्वसनाच्या रकान्यात मात्र पुष्कळदा वरपासून खालपर्यंत १८, २०, १८, २० अशी रांग लागलेली असते. तीस माणसांचे श्वास एकाच सकाळी इतके सारखे चालत नाहीत. हे आकडे खाटेजवळून जाता जाता अंदाजाने टाकलेले असतात. रुग्ण बिघडू लागल्याची खबर सगळ्यात आधी देणारा आकडा बहुतेकदा नेमका हाच असतो. म्हणून रुग्णतपासणी शिकणाऱ्या विद्यार्थिनींनी आधी श्वास मोजायला शिकावं, यंत्रं पुढे हाताळायचीच आहेत.

श्वास आधी का बदलतो? श्वसनाचा ताबा मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेकडे असतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड किंवा आम्ल थोडं जरी वाढलं तरी तिला ते कळतं आणि ती श्वासाचा वेग वाढवते. न्यूमोनियात ऑक्सिजन कमी पडतो, जंतुसंसर्ग रक्तात पसरला की लॅक्टिक आम्ल साठतं, मधुमेहात इन्सुलिन कमी पडून होणाऱ्या कीटोअॅसिडोसिसमध्ये रक्तात कीटोआम्लं वाढतात. आजार वेगवेगळे, पण तिन्हींत श्वास वाढतो. रक्तदाब मात्र शरीर बराच वेळ सावरून धरतं. अपघातातल्या रक्तस्रावाच्या रूढ वर्गीकरणात १५ ते ३० टक्के रक्त जाईपर्यंत वरचं बीपी नॉर्मल राहू शकतं, तर श्वास २० ते ३०च्या घरात गेलेला असतो. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त धरलं, तर पाऊण ते दीड लिटर रक्त जाऊनही ‘बीपी छान आहे’ असं म्हटलं जाऊ शकतं.

आता मोजायचं कसं ते पाहू. रुग्ण नुकताच बाथरूमला जाऊन आला असेल, खोकला असेल किंवा नातेवाइकांशी बोलत असेल तर पाच मिनिटं थांबा. ‘काका, नाडी बघते हं’ एवढंच सांगा. श्वास मोजतोय हे कळलं की माणूस नकळत श्वास आवरतो किंवा मुद्दाम खोल घेतो. तीन बोटं मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला टेकवा. आपला अंगठा वापरायचा नाही, कारण त्यातली आपलीच नाडी जाणवते. नाडी मोजून झाली तरी बोटं तिथेच राहू द्या आणि नजर छातीकडे वळवा. चादर छातीपर्यंत ओढलेली असेल तर खाली करा. श्वास उथळ असेल तर रुग्णाचा हात त्याच्या पोटावर ठेवून मनगट धरा. हात वरखाली होताना दिसतो आणि बोटांनाही जाणवतो. छाती एकदा वर जाऊन खाली आली की एक. घड्याळाचा सेकंदकाटा एक पूर्ण फेरी मारेपर्यंत मोजायचं.

पूर्ण मिनिटच का, हे एका उदाहरणाने पटेल. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर उत्तर १६, २०, २४, २८ असं चारच्या टप्प्यांनीच येतं, मधला आकडा येऊच शकत नाही. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेल्या आणि २०१७ मध्ये सुधारलेल्या न्यूज (NEWS, नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर) या इशारा-गुणांकनात, जिथे गुण जास्त तितका धोका जास्त, १२ ते २० श्वासांना शून्य गुण आहेत, २१ ते २४ ला दोन, आणि २५ किंवा त्याहून जास्त असतील तर तीन. आठ किंवा कमी श्वासांनाही तीनच. म्हणजे पंधरा सेकंदांत पाच श्वास मोजले तर शून्य गुण, सहा मोजले तर दोन, सात मोजले तर तीन. कुठल्याही एकाच मोजमापाला तीन गुण मिळाले तरी डॉक्टरांना तातडीने कळवायचं असतं. हा सगळा फरक दोन श्वासांच्या चुकीवर पडतो.

गुंतागुंत वाढली आहे ती बोटाला लावून रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणाऱ्या पल्स ऑक्सिमीटरमुळे. मास्कने ऑक्सिजन चालू असलेल्या रुग्णाच्या बोटावर ९७ दिसतं आणि सगळे निश्चिंत होतात. पण तो मिनिटाला ३० श्वास घेत असेल, मानेचे स्नायू ताणले जात असतील, एक वाक्य पुरं करताना दोनदा थांबत असेल, तर ते ९७ त्याने कष्टाने टिकवलेलं आहे. तो थकला की आकडा झपाट्याने घसरतो. याची उलट बाजू ऑपरेशननंतर मॉर्फिन हे श्वास मंदावणारं वेदनाशामक दिलेल्या रुग्णात दिसते. श्वास ८ वर आलेला असतो, रुग्ण ‘शांत झोपलेला’ वाटतो, ऑक्सिजन चालू असल्याने बोटावरचा आकडाही चांगला असतो. आत मात्र कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि झोपेची गुंगी होते. अशा रुग्णाला हाक मारून उठवून बघायलाच हवं. शिवाय थंड हात, नेलपॉलिश आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड हे तिन्ही ऑक्सिमीटरला फसवतात.

लहान मुलांत तर श्वासाच्या आकड्यावरूनच न्यूमोनिया ओळखला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार, खोकला किंवा श्वासाचा त्रास असलेल्या बाळाचं वय दोन महिन्यांच्या आत असेल तर ६० किंवा जास्त, २ ते ११ महिन्यांत ५० किंवा जास्त, आणि १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे ‘जलद’. आई ‘पोट उडतंय’ म्हणते तेव्हा ती हेच सांगत असते, ते हसण्यावारी नेऊ नये. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी निरक्षर दाईंसाठी श्वास मोजायचं एक साधं साधन बनवलं होतं: एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ओळीच्या शेवटचा लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता येणारी बाई अचूक निदान करू शकते, हे त्या मण्यांनी दाखवलं. बाळ रडत असताना किंवा दूध पीत असताना मोजू नका. मोजताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जाते का, नाकपुड्या फुलतात का, तेही बघा.

बीपीबद्दल थोडक्यात. दंडाला गुंडाळायच्या पट्ट्यातली, म्हणजे कफमधली, रबरी पिशवी दंडाच्या घेराच्या निदान ८० टक्के भागाला वेढणारी हवी. कफ लहान पडला तर बीपी खोटंच जास्त येतं. हात हृदयाच्या पातळीत टेकवलेला हवा. तो खाटेखाली लोंबत असेल तर दर दहा सेंटिमीटरला बीपी सुमारे सात-आठ मिलिमीटरने जास्त दिसतं. आधी मनगटाची नाडी हाताला लागेनाशी होईपर्यंत कफ फुगवा, त्याहून ३० मिलिमीटर वर न्या आणि सेकंदाला दोन-तीन मिलिमीटर या वेगाने हवा सोडा. घाईने सोडली तर वरचा आकडा कमी आणि खालचा जास्त ऐकू येतो.

आणि चार्टवर नुसतं ‘श्वास २८’ लिहून थांबू नका. वेळ लिहा, ऑक्सिजन किती लिटरवर आणि कशाने चालू आहे ते लिहा, श्वास उथळ की खोल, नियमित की अडखळत, रुग्ण सलग बोलू शकतो का, तेही लिहा. ‘सहाला श्वास २०, आठला २४, आता २८, मास्कने पाच लिटरवर ९५’ असं फोनवर सांगितलं की डॉक्टरांना रुग्ण कुठून कुठे चाललाय ते कळतं.