इंग्रजी लॅटिनची मुलगी नाहीये

'इंग्रजीतले अर्ध्याहून जास्त शब्द लॅटिन-ग्रीकमधले, म्हणजे इंग्रजी लॅटिनमधूनच जन्मली' असा एक फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. यातला पहिला भाग बरोबर आहे, डिक्शनरीतले शब्द मोजले तर तसंच दिसतं, म्हणून पुढचंही सहज पटतं. पण भाषेचं कूळ उसन्या शब्दांवरून ठरत नाही, रोजच्या शब्दांवरून आणि व्याकरणावरून ठरतं. मदर, वॉटर, हँड, ईट, द, अँड, आय, यू, वन ते टेन हे सगळे जर्मॅनिक, म्हणजे जर्मन-डच वगैरे भाषांच्या घराण्यातले, पाचव्या शतकात अँगल आणि सॅक्सन टोळ्यांबरोबर ब्रिटनमध्ये आलेले. सिंग-सँग-संग ही रूपं बघा, जर्मनमध्येही क्रियापद असंच आतला स्वर बदलतं. लॅटिन शब्दांचा खरा लोंढा आला १०६६ नंतर, फ्रान्समधून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन लोकांच्या राजवटीत फ्रेंचमधून, आणि मग विद्वानांनी थेट पुस्तकांतून उचलले. ग्रीकचं तर अजून वेगळं, टेलिफोन हा शब्द ग्रीक तुकडे जोडून अगदी अलीकडे बनवलाय, प्राचीन ग्रीकांना तो माहीतच नव्हता!

तपासायचं असेल तर कुठलाही साधा इंग्रजी उतारा घ्या आणि व्युत्पत्ती देणाऱ्या डिक्शनरीत एकेक शब्द बघा. लॅटिन शब्द खोडले तरी वाक्याचा सांगाडा उरतो, जर्मॅनिक खोडले तर वाक्यच उभं राहत नाही.