एसएस पॅटर्नचं मूल आणि वर्गातली पाण्याची बाटली

सिकलसेल हा लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. विदर्भात तो म्हणजे काय ते सांगत बसावं लागत नाही. नागपुरात 'मेडिकल' किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत आलेली आई 'पोराचा एसएस पॅटर्न आहे' (सदोष जनुक आईवडील दोघांकडून आलाय) असं सहज सांगते. अडतं ते शाळेत. एक तर शाळेला काही माहीत नसतं, नाही तर माहीत झाल्यावर खेळाचा तास, सहल, गॅदरिंग या सगळ्यांतून ते मूल बाद होतं. दुसरी चूक काळजीपोटी होते, पण ती चूकच.

या आजारात हिमोग्लोबिनच्या (लाल पेशीतल्या ऑक्सिजन वाहणाऱ्या प्रथिनाच्या) बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरं येतं. असं हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडल्यावर एकमेकांना चिकटतं, त्याचे लांब धागे बनतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. पेशीतलं पाणी कमी झालं की हिमोग्लोबिन दाटतं आणि धागे फार झपाट्याने बनतात. वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की तिथे असह्य दुखतं. एएस पॅटर्नचं मूल, म्हणजे सदोष जनुक एकाच पालकाकडून आलेलं, फक्त वाहक असतं. त्याला एरवी त्रास होत नाही. पुढचं सगळं एसएससाठी.

म्हणून पहिली गोष्ट पाणी. 20 किलोच्या मुलाला दिवसाला साधारण दीड लिटर लागतं, 30 किलोच्या मुलाला 1.7 लिटर, आणि नागपूरच्या उन्हात त्याहून जास्त. शाळेच्या वेळेत एक लिटरची बाटली रिकामी व्हायला हवी: दर तासिकेला अर्धा पेला, तासाला बसल्याबसल्या, परवानगी न मागता. (डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं असेल तर मात्र तेच प्रमाण.)

बाटली देऊनही ती भरलेली घरी परत येते, कारण लघवीला जाऊ देत नाहीत. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाचा आतला भाग लवकर बिघडतो, त्यामुळे लघवी घट्ट करता येत नाही. पाणी कमी प्यायलं तरी लघवी पातळच आणि वारंवार होते. 'आत्ताच तर गेला होतास' हे ऐकून मूल पाणी पिणंच सोडतं. शौचालय घाण असेल तर मुली सकाळपासून पाण्याला हात लावत नाहीत, आणि संध्याकाळी पाय दुखायला लागतात. तेव्हा दाराजवळची जागा, आणि हात वर करून थेट बाहेर जायची मुभा. एवढ्याला पैसा लागत नाही.

खेळ बंद करू नका. दर वीस मिनिटांनी सावलीत थांबणं, पाणी, आणि दमल्यावर बसायची मोकळीक, एवढं सांभाळलं तर बहुतेक मुलं खेळू शकतात. उन्हात उभं करणं, मैदानाला फेऱ्या, उठाबशा या शिक्षा मात्र पूर्ण बंद. खरं तर त्या कुणालाच नकोत. मुका मार लागला किंवा पाय मुरगळला तर पी.टी.चे सर सवयीने बर्फ लावतात. इथे बर्फ चालत नाही: गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि दुखणं सुरू होऊ शकतं. कोमट शेक द्या. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा सकाळच्या शाळेत गणवेशाचा रंग न बघता स्वेटर, मोजे, कानटोपी घालू द्या.

डोळे पिवळे दिसले की शाळा कावीळ समजून मुलाला घरी पाठवते, डबा वेगळा खायला लावते. साधी लाल पेशी 120 दिवस जगते, ही 10 ते 20. फुटलेल्या पेशींमुळे डोळे पिवळे होतात. ते संसर्गजन्य नाही. पिवळेपणा अचानक वाढला तर मात्र पालकांना कळवा.

हातपाय दुखत असतील तर ऊब, पाणी, विश्रांती आणि पालकांनी लिहून दिलं असेल तर पॅरासिटामॉल, किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम. ताप वेगळा. 101 फॅरनहाइटच्या पुढे गेला तर गोळी देऊन वाट पाहू नका, त्याच तासात रुग्णालय गाठा. या मुलांची प्लीहा (जंतूंशी लढणारा पोटातला अवयव) लहानपणीच निकामी होते आणि न्यूमोकोकससारखे जंतू काही तासांत जीव घेऊ शकतात. छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात ढिला पडणं, एकदम पांढरं पडून डाव्या बाजूला पोट फुगणं, मुलग्यांत लिंगाचा न उतरणारा दुखरा ताठरपणा (हे मुलं लाजून लपवतात): यांतलं काहीही दिसलं तरी तसंच लगेच रुग्णालय गाठा.

गैरहजेरी सलग नसते. दोन दिवस इथे, तीन तिथे. म्हणून सोबत्याने वहीचे फोटो त्याच दिवशी पाठवायची सोय लावा. पुस्तकांचा एक संच शाळेतच ठेवा, कारण खुबा दुखणाऱ्या मुलाला दप्तर जड होतं. वर्ग तळमजल्यावर असेल तर उत्तम. अभ्यासात अचानक मागे पडलेल्या मुलाला आळशी म्हणण्याआधी डॉक्टरांना सांगा. बाहेरून काहीच न दिसणारे पक्षाघाताचे छोटे झटके यात येतात.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया आहेत, आणि परीक्षेत जादा वेळेची तरतूदही त्याच कायद्यात आहे. दिव्यांग प्रमाणपत्राला वेळ लागतो, म्हणून दहावीसाठी अर्ज नववीतच करा.

शाळेबाहेरही हेच. रामटेकच्या पायऱ्या थांबत थांबत चढता येतात. चिखलदऱ्याची अकराशे मीटर उंची अडचणीची नाही, तिथली थंडी आहे. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन पोरं पावसात भिजतात. या पोराला रेनकोट द्या, पिशवीत कोरडे कपडे ठेवा, आणि वस्तीतल्या मंडळाला सांगून ठेवा की ते मध्येच थांबलं तर त्याला ओढायचं नाही.